डाव्या खांद्याची रायफल

ज्या रायफलीनं मला हरणं मारायची होती, ती मला फुकट मिळत होती. अडचण तिथूनच सुरू झाली.

देणारा माणूस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका इस्टेटीवरचा मुख्य स्टॉकर होता. स्टॉकर म्हणजे हरणांच्या डोंगराचा राखणदार म्हणा. कळप कुठं आहे ते ध्यानात ठेवायचं, म्हातारी, अधू, जास्तीची जनावरं हेरायची, मालकाच्या पाहुण्यांना ओल्या गवतातून पोटावर सरपटवत टप्प्यात न्यायचं. आणि थंडीत पाहुणे घरी गेले की माद्यांची संख्या आटोक्यात ठेवायला स्वतः बंदूक धरायची. सगळे त्यांना नावानं हाक मारत. मला ते कधी जमलं नाही. सुरुवातीला मी 'सर' म्हणायचो.

"सर मालकाला म्हण," ते म्हणाले. "तू सर म्हणालास की मी मागं वळून बघतो, मालक आला की काय म्हणून."

मग मी काहीच म्हणेनासा झालो. मनात मात्र मी त्यांना बाबा म्हणायचो. इथंही तसंच लिहितो.

मी सातवीत शाळा सोडली. आमचं घर खाटकाचं, साताऱ्याकडच्या एका बाजारगावातलं. वडिलांचे गुडघे गेले आणि दुकानाच्या ओट्यावर मी बसलो. पुढं ओळखीतले एक डॉक्टर ग्लासगोच्या हॉस्पिटलात लागले. त्यांची मुलं लहान, वहिनींचीही नोकरी, म्हणून घरकामाला त्यांनी मला बरोबर आणलं. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. वहिनींच्या घरात मटण शिजत नव्हतं, त्यामुळं माझ्या हातातली खरी विद्या पडूनच राहिली. आमटी-भात, थालीपीठ, मुलांना नर्सरीत सोडणं आणि त्यांचे ओले बूट रेडिएटरवर वाळवणं, यातच दिवस जायचा. कागदपत्रं डॉक्टरांनीच सगळी मार्गी लावली. ते उपकार फिटायचे नाहीत.

मग डॉक्टरांना नॉटिंगहॅमला नोकरी मिळाली. मुलं मोठी झाली होती, आणि माझं काय करायचं हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. नेमके त्याच सुमारास बाबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांच्या वॉर्डात येऊन पडले. त्यांच्या लार्डरमध्ये, म्हणजे मारलेलं हरीण सोलून टांगायच्या गार खोलीत, माणूस टिकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे एकजण आहे, सुरी हातात घेऊनच जन्मलेला.

"अरे, स्वयंपाकाला आणलं तुला आणि तू शिकारीला निघालास," वहिनी म्हणाल्या. "तिकडं डाळ तरी मिळते का? विचार त्यांना."

"विचारलं, वहिनी. नाही मिळत."

"मग मी पाठवीन."

आणि त्यांनी खरंच पाठवली, पार्सलनं, जुन्या टॉवेलात गुंडाळून, सोबत गोडा मसाला.

लार्डरमधलं काम हंगामापुरतं होतं. राहायला तबेल्यावरची खोली. त्याच्या आदल्या वर्षी मी गावी जाऊन लग्न करून आलो होतो आणि बायको माहेरीच होती. तिला आणायचं तर मला कायमची नोकरी हवी आणि डोक्यावर स्वतःचं म्हणता येईल असं छप्पर हवं. बाबांचा खुबा काही नीट बसला नाही. वसंतात ते निवृत्त होणार हे ठरलं, तसं त्यांनी फॅक्टरला, म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याला, माझं नाव सुचवलं. बाहेरचा स्टॉकर आणतील पुढं, पण त्याच्या हाताखाली बारमाही माणूस म्हणून हा राहू दे, थंडीत माद्या हा मारील. त्या नोकरीबरोबर ओढ्याकाठचं एक दगडी घर मिळायचं.

फॅक्टर उंच, सभ्य, ओठ न हलवता बोलणारा माणूस. तो म्हणाला, "सुरी चालवतो हे मी पाहिलंय. बंदूक चालवतो का? माद्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत मला शंभर यार्डांवर चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात तीन गोळ्या मारून दाखव. जमलं तर घर तुझं. नाही तर हंगाम संपला की तुला दुसरं काही बघावं लागेल."

मला हे कठोर वाटलं नाही. हरणाच्या बाबतीत बाबा यापेक्षा कडक होते. नीट न लागलेली गोळी घेऊन मादी कड्यापलीकडं जाते आणि मरायला संध्याकाळ लावते. ते त्यांनी पाहिलं होतं. "तिला कळताच कामा नये," एवढंच ते सांगायचे. हे मला पटायचं. माझे वडीलही बकऱ्याला दुसरं बकरं दिसू देत नसत.

पोलिसांकडून माझा परवाना आला. त्यात एकाच रायफलीची मुभा होती, पॉइंट टू-सेव्हन्टी कॅलिबरची, म्हणजे तेवढ्या मापाच्या नळीची. मी शहरातून एक कॅटलॉग आणला होता. त्यात पानोपानी रायफली. कुणाची नळी जड, कुणाची हलकी, कुणाचा दस्ता अक्रोडाचा तर कुणाचा प्लॅस्टिकचा. रोज जेवताना मी तो उघडायचो आणि काहीही न कळता मिटायचो. एका रविवारी बाबांनी सूप प्यायला बोलावलं. कॅटलॉग माझ्या खिशात दिसला तसे ते उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि स्वतःची रायफल टेबलावर ठेवली.

"लोक रायफल निवडण्यात वर्षं घालवतात," ते म्हणाले. "कपाटभर रायफली असतात आणि नेम एकीचाही माहीत नसतो. एक रायफल, एक गोळी, आयुष्यभर. ही घे."

ती त्यांनी तरुणपणापासून वापरलेली होती. लाकूड हाताच्या तेलानं काळसर झालेलं, दस्त्यावर खडकाचे ओरखडे. त्यांचा मुलगा कॅनडात होता आणि त्याला शिकारीचं वेड नव्हतं. मी ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. ते जरा चपापले.

"चावत नाही ती," म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "उजव्या हाताचा ना तू?" आणि मी लगेच हो म्हणालो होतो. आमच्यात हा प्रश्नच नसतो. जेवायचं उजव्यानं, द्यायचं-घ्यायचं उजव्यानं, दिवा लावायचा तो उजव्यानं. डावा हात कशासाठी ते सगळ्यांना माहीत. लहानपणी मी डाव्या हातानं घास उचलायचो म्हणून आई जेवताना माझा डावा हात पदराच्या टोकानं मांडीशी बांधून ठेवायची. शाळेत गुरुजींनी उरलेलं काम पट्टीनं केलं. बाबांनी विचारलं ते मला वळण आहे का, असंच ऐकू आलं. वळण होतं. मी हो म्हणालो.

त्या उन्हाळ्यात आम्ही कामं आटोपली की दरीतल्या बांधावर बशीएवढं वर्तुळ काढलेला पुठ्ठा लावायचो. मी त्यांच्या देखत आडवा पडायचो, दस्ता उजव्या खांद्यात, गाल लाकडावर. डावा डोळा मिटायचो. तो नीट मिटायचाच नाही, पापणी थरथरायची, पाणी यायचं. रायफलीवरच्या दुर्बिणीत आधी डोंगर दिसायचा आणि मग कडेची काळी चंद्रकोर. मान आपोआप लाकडावरून पलीकडं सरकायची. गोळ्या बशी सोडून पुठ्ठाभर पडायच्या.

"चाप ओढतोयस तू. दाबायचा असतो."

मी दाबायला शिकलो. त्यांनी रिकाम्या रायफलीच्या नळीवर एक नाणं ठेवलं आणि नाणं न पाडता चाप दाबायला सांगितलं. नाणं पडलं नाही.

"श्वास धरतोयस का?"

धरत होतो. सोडायला शिकलो. गोळ्या होत्या तिथंच. शरद ऋतू लागला, ब्रॅकन नेच्याची पानं तांबूस झाली, आणि बाबा चुका दाखवेनासे झाले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. ते मला चहा ओतून द्यायचे, हे जास्त लागायचं. मला वाटायचं, माझ्यात भीतीच इतकी आहे की हात ऐकत नाहीत. फॅक्टरनं दिलेला दिवस जवळ येत होता. तबेल्यावरच्या खोलीत मी बॅग कुठं ठेवली आहे ते उगाच जाऊन बघायचो.

शेवटी बाबांनी ठरवलं की दोष दस्त्याचा आहे. "हात आखूड आहेत तुझे. माझ्या मापाचा दस्ता तुला लांब होतो. इन्व्हर्नेसला बंदुकांच्या दुकानात जा आणि इंचभर कापून आण."

स्वतःची रायफल, आणि ते ती कापायला देत होते. त्यांच्या एका मित्रानं त्याच्या गाडीतून मला नेलं.

दुकानदार माझ्याच वयाचा होता, निळा ॲप्रन, कानामागं पेन्सिल. त्यानं आधी रायफल बघितली आणि तोंडानं हळूच शीळ घातली. "ही कापायची?"

"हात आखूड आहेत माझे."

"बघू, खांद्याला लाव."

मी लावली. तो समोरून माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग म्हणाला, "ठेव खाली. दोन्ही हात पुढं कर. तळवे एकमेकांवर ठेव, मध्ये एक फट ठेव. आता त्या फटीतून माझं नाक बघ. दोन्ही डोळे उघडे."

मी बघितलं.

"तुझा कुठला डोळा दिसतोय मला, सांग."

"उजवा."

"डावा. नेम धरणारा डोळा डावा आहे तुझा, आणि त्याला तू मिटतोयस. लिहितोस कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"दगड फेकतोस?"

गावाकडं आंबे मी डाव्यानंच पाडायचो. सुरीसुद्धा डाव्यातच. वडिलांनी तेवढी सूट दिली होती, फक्त गिऱ्हाइकाच्या पिशवीत मटण घालताना हात बदलायला लावायचे.

त्यानं मागच्या रांगेतून एक रायफल काढली. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला मागं-पुढं ओढायची दांडी, डाव्या बाजूला होता. अशी असते हेच मला माहीत नव्हतं. कॅटलॉगात होती म्हणे, शेवटच्या पानावर. कुणा डावखुऱ्या डेंटिस्टनं मागवलेली, आणि पुढं तो न्यूझीलंडला गेला. कॅलिबर तेच, माझ्या परवान्यातलं. लाकूड फिकट, दिसायला अगदीच साधी. मी ती डाव्या खांद्याला लावली. काही करावं लागलं नाही. डोळ्यापुढं गोल, स्वच्छ उजेड होता आणि त्यात रस्त्यापलीकडच्या घराच्या धुराड्याचं टोक.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज. हत्यार आमच्याकडं खंडेनवमीला पूजतात. आणि मी ते डाव्या हातात घेऊन उभा होतो, परक्या माणसासमोर, आणि मला बरं वाटत होतं.

"जुनीच डाव्या खांद्यावरून नाही का चालवता येणार?" मी विचारलं.

"येईल. पण एक गोळी झाली की बोल्ट ओढायला हात वरून पलीकडं न्यायचा, डोकं उचलायचं, दुर्बिणीतून हरीण गेलं. दुसरी गोळी लगेच मारावी लागली तर काय करशील?" मग जुन्या दस्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "मग हा कापू?"

"नको," मी म्हणालो. एवढं मात्र मी पटकन बोललो.

डावी रायफल तो थोडे दिवस बाजूला ठेवणार होता. परत आल्यावर बाबांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "तो म्हणाला, कापून उपयोग नाही." त्यापुढचं न सांगता मी रायफल त्यांच्या कपाटात ठेवली. काय सांगणार होतो? तुम्ही आयुष्यभर सांभाळलेली वस्तू दिलीत, ती मला चालत नाही? ज्या माणसानं मला उभं केलं त्याला?

शनिवारी मी पोस्टाजवळच्या बूथमधून गावी फोन लावला. बायको शेजारच्या किराणा दुकानात येऊन थांबायची. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे अहो, त्या बाबांची बंदूक घेतली तर नोकरी जाणार, आणि नोकरी पाहिजे तर बंदूक परत करायची. असंच ना?"

"तसंच."

"मग ह्यात विचार कसला करताय?"

"उपकार आहेत त्यांचे."

"माझ्या आईनं रुखवतात पितळी पातेलं दिलेलं, ते नेलंत का विमानात? जड म्हणून ठेवून गेलात. आईला वाईट वाटलं का?"

"वाटलं होतं."

"वाटलं होतं. मग मेली का? परवाच त्यात पुरण शिजवलं तिनं."

एवढ्यात लाइन गेली.

तरीही मी वेगळाच मार्ग काढायला गेलो. दोन दिवसांनी दुपारी, बाबांच्या बंदुकीच्या खोलीत रायफल साफ करायला म्हणून बसलो असताना, ती रिकामी आहे हे तपासून मी डाव्या खांद्याला लावली आणि बोल्टकडं हात वरून नेऊन बघू लागलो. एकदा, परत एकदा. दस्त्याचा गालाजवळचा उंचवटा उलट्या बाजूला यायचा, कोपर कानाला लागायचं. पण जमवायचंच होतं. म्हणजे त्यांचीच रायफल राहिली असती आणि माझीही नोकरी.

"काय करतोयस? धार काढतोयस का तिची?"

बाबा दारात होते, काठीवर रेललेले. मी रायफल खाली ठेवली आणि मग सगळंच सांगितलं, दुकानदार, फट, डावी रायफल, आईचा पदर, फोनवरचं बायकोचं बोलणं. इंग्रजी सगळं उलटसुलट झालं. ते खुर्चीवर बसले.

"दाखव ते फटीचं."

मी दाखवलं. त्यांनी हात पुढं करून स्वतःही करून बघितलं, आणि बराच वेळ त्या फटीतून माझ्याकडं बघत राहिले.

"आई हात बांधायची म्हणालास?"

"प्रेमानंच. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून."

"हं." त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "लार्डरमध्ये रोज बघतोय मी. सुरी डाव्या हातात. मला वाटलं तुमच्या देशात तशीच धरतात."

मला हसू आलं आणि ते हसले नाहीत म्हणून मी ते गिळलं. त्यांनी रायफल उचलली, बोल्ट नीट बसवला, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "चहा ठेव," म्हणाले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लँडरोव्हर दारात आणली. मागच्या सीटवर कॅनव्हासच्या पिशवीत रायफल होती. इन्व्हर्नेसपर्यंत ते फक्त रस्त्यावरच्या मेंढ्यांना बोलले.

दुकानात त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "हिच्या बदल्यात ती डाव्या हाताची देशील का?"

"नको," मी म्हणालो. "अहो, नको. मी दुसरं काहीतरी—" मराठीतच बोललो बहुतेक.

"पोरा," बाबा म्हणाले, "तिला कपाटात ठेवून मी काय करू? खुबा मला वर जाऊ देत नाही. मी तुला रायफल द्यायची ठरवली होती. मुलाला बूट घ्यायचे तर माझ्या मापाचे घेऊ का?"

दुकानदारानं बोल्ट काढून नळीतून उजेड बघितला. बाबा त्याच्याकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या शिंगांकडं बघत होते. कागदपत्रं झाली तेव्हा ते म्हणाले, "एकच आहे. भिंतीवर टांगणाऱ्याला विकू नकोस."

"नाही विकणार."

"आणि इथं, पहिल्या ओरखड्याजवळ, ओलावा लवकर धरते. तेल इथं जास्त लाव." आणि ते बाहेर जाऊन गाडीत बसले.

परतताना डावी रायफल माझ्या मांडीवर होती. मी तिच्याकडं बघायलाही कचरत होतो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "लाकूड फारच पांढरं आहे." मी म्हणालो, "हो." "काळं होईल," ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी पाऊस नव्हता, पण गवत भिजलेलं होतं आणि वारा दरीतून आडवा येत होता. फॅक्टर कोटाची कॉलर वर करून उभा. मी आडवा पडलो. बाबा शेजारी, दुर्बीण लावून, एक पाय नीट दुमडत नव्हता म्हणून लांब सोडलेला. डाव्या खांद्यात दस्ता गेला तशी मला आई आठवली. वाईट काही वाटलं नाही. ती आठवली एवढंच. मी श्वास सोडला.

पहिली गोळी कुठं गेली ते मला कळलं नाही. बोल्ट डाव्या हातानं मागं, पुढं. डोकं हललं नाही. दुसरी. बाबांच्या लांब सोडलेल्या पायातला बूट गवतात जरासा हलला. तिसरी झाली आणि मी रायफल रिकामी करून तिथंच पडून राहिलो, उठायची छाती होईना.

फॅक्टर पुठ्ठ्यापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. त्यानं पुठ्ठा बाबांच्या हातात दिला. तिन्ही भोकं बशीत होती, दोन एकमेकांना चिकटून.

"डावखुरा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"आम्हालाही आत्ताच कळलं," बाबा म्हणाले.

फॅक्टरनं हातमोजे चढवले. "त्या घराच्या उत्तरेकडच्या खिडकीतून पाणी येतं. थंडीच्या आत सुतार पाठवतो. मिसेस कधीपर्यंत येतील?"

मी बाहीनं रायफलीवरचा ओलावा पुसत राहिलो. बाबा काठीवर जोर देऊन उठले आणि पँटवरचं गवत झाडत म्हणाले, "ते तिला विचारावं लागेल. मी ऐकलंय त्यावरून तिकडं ठरवणारी तीच आहे."